वुचहून पत्र : सोन्याला पोलिश जमेल का?

वुच, पोलंड

ती. आई-अण्णांस,
सा. न. वि. वि.

अण्णा, रविवारी फोन मध्येच कट झाला आणि तुमचा प्रश्न तसाच राहिला. सोन्या इकडं शिकायला आला तर भाषेचं कसं व्हायचं? दादालाही तीच काळजी लागलीय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी गावाचं नाव. दादा ‘लोड्झ, लोड्झ’ करत होता, ते वुच आहे. इथल्या एल अक्षरावर तिरकी रेघ असली की त्याचा उच्चार ‘व’ होतो. अशी दहावीस अक्षरं डोक्यात बसली की पोलिश वाचणं इंग्रजीपेक्षा सोपं, कारण लिहिलंय तसंच वाचायचं. पानभर व्यंजनं एकमेकांना खेटून उभी दिसतात त्याला घाबरू नये.

लोक घाबरवतात ते सात विभक्त्यांच्या नावानं. शेजारच्या बाकावरची स्पॅनिश मुलगी तर रडकुंडीला यायची. गावाला निघालं की गावाचं नाव वेगळं, गावात पोचलं की वेगळं, हे तिला पटतच नव्हतं. क्राकुफला जायचं तर ‘क्राकोवा’ आणि तिथं राहायचं तर ‘क्राकोव्ये’. आपण जन्मापासून ‘घोडा, घोड्याला’ करतो, आपल्याला त्यात काय नवल? माझं नावही त्यांनी सोडलं नाही: सिमा, सिमी, सिम्ये, सिमों, आणि हाक मारताना ‘सिमो!’. आजी ‘यमुनेला सांग, सीतेला बोलाव’ म्हणायची, तसंच. आपण हल्ली नावांचं सामान्यरूप करायचं सोडलं, यांनी नाही सोडलं.

लिंगंही आपल्यासारखी तीनच. नपुंसकलिंग म्हणजे काय, हे वर्गातल्या दिल्लीच्या मुलाला दोन तास समजावलं, मी आपली मजेत बसून होते. बाई ‘बिवाम’ म्हणते, पुरुष ‘बिवेम’, म्हणजे आपलं होते-होतो. अनोळखी माणसाला ‘तू’ म्हणायचं नाही. ‘पान’ किंवा ‘पानी’ म्हणून तृतीयपुरुषात विचारायचं, जसं आपण ‘काका चहा घेणार का?’ विचारतो. चमच्यातला च आणि चिमणीतला च हे दोन्ही त्यांच्याकडे आहेत, लिहितात मात्र वेगवेगळे. तिथंही आपलं निभावतं. श आणि ष मध्ये मात्र आपलं पितळ उघडं पडतं. आपण अक्षरं दोन लिहितो, बोलतो एकच. इथं दोन्ही ऐकू यावे लागतात.

आता खरी गोम. ती आकड्यांत आहे. कोपऱ्यावरच्या बेकरीत पाव घ्यायचे तर एक ‘बुव्का’, दोन, तीन, चार ‘बुव्की’, आणि पाच झाले की ‘बुवेक’. म्हणजे पाचपासून पुढं षष्ठीचं अनेकवचन. बारा, तेरा, चौदाही ‘बुवेक’, पण बावीस म्हटलं की परत ‘बुव्की’! पुरुषमाणसं मोजायची तर नियम आणखी वेगळे. बेकरीवाली बाई बोटांवर मोजून दाखवते, मागं रांग वाढत जाते आणि कुणी ओरडत नाही. इचलकरंजीत कुणी एवढं थांबलं नसतं.

दुसरं क्रियापदांचं. जवळपास प्रत्येकाची जोडी असते: ‘पिसाच’ म्हणजे लिहीत असणं, ‘नापिसाच’ म्हणजे लिहून पुरं करणं. आपण ‘लिहून टाकलं’ म्हणून भागवतो, इथं तोंड उघडायच्या आधीच ठरवावं लागतं की काम पुरं झालं की चालू आहे. याला घोकंपट्टी उपयोगी नाही, कानावर पडत राहावं लागतं. माझं अजून चाललंय.

सोन्याचं म्हणाल तर, कोर्स इंग्रजीतून मिळतो हे खरं. पण दवाखाना, घरमालक, पार्टटाइम नोकरी, सगळं पोलिशमधून. पुढं नागरिकत्व हवं असेल तर बी-१, म्हणजे मध्यम पातळीचं, सरकारी प्रमाणपत्र लागतं, त्यात ऐकणं, वाचणं, व्याकरण, लिहिणं आणि बोलणं असं सगळं तपासतात. माझं मत विचाराल तर त्यानं एक वर्ष आधी भाषेला द्यावं. इथल्या विद्यापीठात परदेशी मुलांना पोलिश शिकवणारं केंद्र 1952 पासून आहे. वर्ष वाया जाईल असं दादा म्हणेल, पण नुसत्या इंग्रजीवर आलेली मुलं इथं चार वर्षं आपापसातच राहतात, ते मी बघतेय.

आणि कोल्हापूरकडचा म्हटल्यावर त्याला बोलायला विषय आयता मिळेल. दुसऱ्या महायुद्धात जवळपास पाच हजार पोलिश निर्वासित वळिवड्याच्या कॅम्पात राहिले, ते इथल्या बऱ्याच जाणत्या लोकांना ठाऊक आहे. वॉर्सात मोंते कासिनोच्या लढाईच्या स्मारकाजवळ कोल्हापूरचं स्मारकही आहे. आमच्या बाईंनी पहिल्याच दिवशी गाव विचारलं, मी कोल्हापूरजवळचं म्हटलं, तर त्यांनीच ‘वळिवडे’ म्हटलं. मग तासभर मलाच बोलायला लावलं, मोडक्यातोडक्या पोलिशमध्ये.

सोन्याला आत्तापासून एक ते तीस आकडे वस्तूंसकट म्हणायला लावा. नुसते नकोत. मार्कशीटचं भाषांतर इथल्या सरकारमान्य अनुवादकाकडून करून घ्यावं लागतं, ते मी बघते. दादानं फक्त स्वच्छ स्कॅन पाठवावेत, मागच्या वेळसारखे मोबाइलचे तिरके फोटो नकोत.

आईच्या गुडघ्याचं काय झालं ते कळवा.

तुमची,
सीमा