भेळ खाल्ल्याचं बाबांना सांगू नकोस

कराड,
रविवार

चि. चिऊ,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू बोललीस त्यातलं निम्मं रिक्षाच्या आवाजात गेलं, पण उरलेल्या निम्म्यावरून मला कळायचं ते कळलं. फोनवर मी मधेच तुला तोडते, तू 'जाऊ दे गं आई' म्हणून विषय बदलतेस. म्हणून कागद घेतला.

तर कॉलेजातल्या फिरोदिया करंडक स्पर्धेच्या ग्रुपचं गेट-टुगेदर झालं, तो लाइटवाला इतक्या वर्षांनी भेटला, मग दोनदा कॉफी झाली. आणि आता त्याचा मेसेज आला की तू फोन उपडा करतेस. हे शेवटचं तू सांगितलं नाहीस, मी गणपतीत पाहिलं. जावईबापू (लग्न केलं नसलंत तरी मी त्याला तेच म्हणणार) शेजारीच मोदकांसाठी नारळ खवत बसला होता. तू फोन उपडा केलास आणि वर ताटली ठेवलीस. ताटली कशाला गं?

आता आई व्याख्यान देणार असं वाटत असेल तुला. मला तो अधिकार नाही. का नाही, ते आजवर तुला सांगितलं नव्हतं.

1981 साली पुण्यात एस. पी. कॉलेजच्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेतल्या एकांकिकेत मी प्रॉम्प्टर होते. विंगेत उभी, सगळ्यांची वाक्यं पाठ, माझं स्वतःचं एकही नाही. भरत नाट्य मंदिरात 'आवाज कुणाचा' ओरडून माझा घसा बसला, तर आमच्यातल्या एकानं कागदाच्या पुडीतून खडीसाखर आणून दिली. तिथून सुरुवात. पुढे त्याला नागपूरला नोकरी लागली. दोन वर्षं निळी आंतर्देशीय पत्रं आली-गेली, मग माझ्या एका पत्राला उत्तरच आलं नाही. भांडण नाही, निरोप नाही. 1986 ला माझं लग्न झालं, बाबांच्या वीज मंडळातल्या नोकरीमुळे कराडला आलो, तू झालीस.

1996 च्या फेब्रुवारीत तो बँकेच्या तपासणीसाठी महिनाभर इथं आला. भेटला कुठे, तर प्रीतिसंगमावर! नावावर जाऊ नकोस, संध्याकाळी पोरांना घेऊन जायला कराडात दुसरं होतं काय? यशवंतरावांच्या समाधीजवळच्या बागेत तू खेळत होतीस, चार वर्षांची. मागून कुणीतरी माझ्या माहेरच्या आडनावानं हाक मारली. दहा वर्षांत त्या आडनावानं मला कुणी हाक मारली नव्हती. पोटात काय झालं ते तुला सांगायला नको, तुझं सध्या रोज तेच चाललंय.

त्यानं तुला भेळ घेऊन दिली. घाटाच्या पायऱ्या चढताना मी पदरानं तुझं तोंड पुसलं आणि म्हटलं, 'भेळ खाल्ल्याचं बाबांना सांगू नकोस हं, ओरडतील.' तू नुकतीच काविळीतून उठली होतीस, त्यामुळे कारण अगदी चोख होतं. मलाही ते पटलं. तू मान हलवलीस आणि शब्दाला जागलीस.

त्यानंतर आणखी दोनदा भेटलो. हात धरणं वगैरे काही नाही. पण दोन्ही वेळा आदल्या दिवशी मी सुती साडीला खळ केली, आणि घरी सांगितलं की शाळेत उशीर झाला.

बी.एड.ला ब्लूमा झायगार्निकचा प्रयोग होता आम्हाला, 1927 चा. अर्धवट राहिलेलं काम पुऱ्या झालेल्या कामापेक्षा जास्त लक्षात राहतं म्हणे. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत तसं निघालं नाही, ते असो. मी परीक्षेत ते घोकून लिहिलं होतं. त्या घाटावर बसून कळलं की मी एका न आलेल्या पत्राचं उत्तर मागायला आलेय.

अकरा दिवस मी गप्प होते. मग एका रात्री वीज गेली (हो, मंडळाच्या क्वार्टरमध्येही जायची), तू झोपली होतीस, आणि अंधारात मी बाबांना सगळं सांगितलं. खळीसकट. ते काही बोलले नाहीत. दोन दिवस फक्त रॉकेल आणि दुधाचा हिशेब. तिसऱ्या दिवशी विचारलं, "परत भेटणार आहे का तो?" म्हटलं, मंगळवारी. "मग घरीच बोलाव. तिथं डास फार असतात."

तो आला. वाईट निघाला असता तर बरं झालं असतं, पण चांगला माणूस होता. पिठलं-भाकरी मागून मागून खाल्ली, अजून तसाच हसवायचा. जेवताना तो आणि मी एक्याऐंशी सालातच फिरत होतो. बाबांनी त्याला विचारलं, मुलगा कितवीत आहे, नाव काय. तेव्हा माझ्या लक्षात आलं, तीन भेटींत मी हे विचारलं नव्हतं. आणि मी शाळेत कोणता विषय शिकवते, हे त्यानं.

तो गेल्यावर सगळं निवळलं असं समजू नकोस. पावसाळा संपेपर्यंत मी उदास होते, बाबांवर उगाच खेकसायचे. आणि बाबा कितीतरी वर्षं, मी जरा बरी साडी नेसले की विचारायचे, "आज मंगळवार का?" हसत विचारायचे. पण विचारायचे.

त्या माणसाची आठवण आता क्वचित येते. पायऱ्यांवरचं ते वाक्य मात्र येतं. चार वर्षांच्या पोरीला मी लपवायला शिकवलं, भेळेचं निमित्त करून.

तू म्हणालीस, 'सांगण्यासारखं काही नाहीच अजून.' मग ताटली काढ आणि तेवढंच सांग जावईबापूला: तो भेटला, मला बरं वाटलं, पुढचं मला कळत नाही. तिसऱ्या कॉफीच्या आधी सांग. पुढे तुझं मन लाइटवाल्याकडेच गेलं तर आम्ही दार लावून घेणार नाही. जावईबापूसाठी मी रडेन जरूर, इतका बारीक नारळ कुणी खवत नाही. पण त्याला हे तुझ्या तोंडून कळू दे.

मेतकूट आणि लसणीची चटणी वेगळी कुरिअरनं पाठवते आहे.

ता. क. पाकीट बंद करण्याआधी बाबांना हे वाचून दाखवलं. चष्मा पुसत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "अकरा नाही, तेरा दिवस. चिऊनं मला त्याच रात्री सांगितलं होतं भेळेचं."

तुझी,
आई