विषय: केनियातल्या मोंबासा बंदरात उतरलेल्या गव्हातलं बग डॅमेज (किड्याने टोचलेले दाणे) आणि तुमच्या क्लेम विभागाची उत्तरं

प्रति,
मा. संचालक, धान्य निर्यात

आज दुपारी तुमच्या क्लेम विभागाशी फोनवर बोललो आणि फोन ठेवून थेट लिहायला बसलो. तेव्हा 'सप्रेम नमस्कार' घातला आहे असं समजा. इंग्रजी तक्रार ब्रोकरमार्फत रीतसर गेली आहेच. हे पत्र मराठीत आहे, कारण सौदा ठरवताना तुमच्या मुंबई ऑफिसातले साहेब माझ्याशी मराठीत बोलले होते. "आपल्या माणसाला कमी प्रतीचा माल देऊ का हो आम्ही?" हे त्यांचेच शब्द. दिलात.

रशियाच्या नोवोरोसिस्क बंदरातून आलेल्या जहाजातला 12,000 टन गहू आमच्या मिलचा. करारात लिहिलं आहे: प्रोटीन कोरड्या वजनावर किमान 12.5 टक्के, फॉलिंग नंबर (मोड आलेला गहू ओळखायची चाचणी) किमान 250, बग डॅमेज कमाल 1 टक्का. तुम्ही पाठवलेल्या गुणवत्ता प्रमाणपत्रात प्रोटीन 12.6, फॉलिंग नंबर 318. उत्तम. आणि बग डॅमेजच्या रकान्यात? आडवी रेघ. शून्य नाही, अर्धा टक्का नाही, नुसती रेघ. म्हणजे तपासणी झालीच नाही. आणि याच कागदाच्या जोरावर तुम्ही मला रोज ऐकवता, "सर, क्वालिटी फायनल ॲट लोडिंग आहे." म्हणजे बोटीत भरताना ठरली तीच प्रत अंतिम. जे लोडिंगला तपासलंच नाही, ते तिथे फायनल कसं झालं, एवढंच मी विचारतोय.

माल उतरताना दोन्ही बाजूंच्या सर्व्हेयरसमोर नमुने काढले, सील केले. एक संच स्वतंत्र लॅबला गेला. बग डॅमेज 3.4 टक्के आलं. अहवाल तुमच्याकडे आहे. तो अजून कोणी उघडलेला नाही, हे तुमच्या माणसाच्या प्रश्नांवरूनच कळतं.

काळ्या समुद्राचा गहू विकणाऱ्यांना बग डॅमेज करणारा सन पेस्ट काय चीज आहे हे मी सांगायचं म्हणजे कमालच. ढेकण्याच्या जातीचा हा किडा शेतात, दाणा हिरवा असतानाच त्याला सोंड खुपसतो. रस पितो, लाळ आत सोडतो आणि निघून जातो. कापणी, वाहतूक, बोट हे सगळं त्यानंतरचं. दाण्यावर फिकट डाग राहतो, मधोमध टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका. लाळेतलं एन्झाइम मात्र दाण्यातच राहतं, दळल्यावर पिठात येतं आणि पाणी लागलं की कामाला लागतं. शंभरात तीन दाणे असे असले तरी पावाचं पीठ गेलं. प्रोटीनचा आकडा छान दिसतो, कारण मशीन प्रोटीन मोजतं, त्याची ताकद मोजत नाही. फॉलिंग नंबरही छान दिसतो, कारण तो मोड आलेला गहू पकडतो, हे नुकसान पकडत नाही.

आमच्या लॅबमध्ये आम्ही हे दोन हातांनी पाहिलं. मळल्याबरोबर कणीक नळाखाली धुतली, तर ग्लूटेनचा, म्हणजे कणकेला ताण देणाऱ्या प्रोटीनचा, गोळा नीट हाती आला, ताणला तर ताणला गेला. त्याच पिठाची दुसरी कणीक तासभर कोमट जागी ठेवून मग धुतली, तर बोटांना ओल्या खळीसारखं काहीतरी चिकटलं आणि बाकीचं पाण्याबरोबर वाहून गेलं. कणीक ताणून तिची ताकद मोजणाऱ्या एक्स्टेन्सोग्राफवर 45 मिनिटांची रेषा बरी, 135 मिनिटांची जवळजवळ झोपलेली. इथले बेकरीवाले 400 ग्रॅमचा पाव विकतात. त्यांच्या पिठाला दोन-दोन तास फुगायला ठेवतात. साच्यात तो पाव वर येतो आणि भट्टीत जायच्या आधी बसतो. त्यांनी पोती परत पाठवली. बरोबरच केलं.

आता आजचा फोन. हा मी सविस्तर लिहितोय, कारण रेकॉर्डिंग "ट्रेनिंगसाठी" होतं असं तुमची टेप सांगते, पण त्यातून कोणी काही शिकलेलं दिसत नाही.

मी म्हणालो, बग डॅमेज 3.4 टक्के आहे. तो म्हणाला, "सर, फ्युमिगेशन झालंय, सर्टिफिकेट अटॅच आहे." मी म्हणालो, फ्युमिगेशनचा, म्हणजे कीड मारायच्या धुरीचा, इथे संबंध नाही. तो म्हणाला, "सर, बोटीच्या होल्डमध्ये फॉस्फिन गॅस दिला होता, किडा जिवंत राहूच शकत नाही." मी म्हणालो, किडा जिवंत आहे असं मी म्हणतच नाहीये, तो रशियातच राहिला. यावर थोडी शांतता. मग, "म्हणजे सर, मालात किडा नाहीये?" नाहीये. "मग सर, बग कम्प्लेंट कशी काय?"

मी सगळं पुन्हा सांगितलं. शेत, सोंड, लाळ. त्याने मला होल्डवर टाकलं. बासरी वाजली. परत आला आणि म्हणाला, "सर, सिस्टीममध्ये दोनच ऑप्शन आहेत, जिवंत कीड आणि मृत कीड. कुठलं टाकू?" दोन्ही नको, म्हणालो. "मग सर, निदान किड्याचा एक फोटो पाठवा, वरती फॉरवर्ड करतो."

वाफसा, पेरणी, गेरवा बघत मोठा झालेला माणूस आहे मी, गव्हाच्या धंद्यात केस पांढरे झाले. मोंबासातल्या मिलमध्ये बसून, रशियाच्या शेतात मागच्या उन्हाळ्यात जेवून गेलेल्या किड्याचा फोटो कुठून आणू? आणि वर त्या मुलाचा सल्ला: "सर, थोडं ग्लूटेन ॲड करून बघा ना." बघितलं. एन्झाइम ते ग्लूटेनही खातं. शिवाय ते फुकट मिळत नाही. त्या मुलाचा मला राग नाही, त्याला कोणी शिकवलंच नाही. राग आहे तो त्याला फोनवर बसवणाऱ्यांचा.

13 मे 2022 ला भारताने गहू-निर्यात बंद केली, तेव्हा तुमचेच लोक इथे येऊन म्हणाले होते, काळजी सोडा, काळ्या समुद्राचा माल आम्हाला आतून-बाहेरून माहीत आहे. त्या शब्दावर आम्ही तुमच्याकडे आलो. बाहेरून माहीत असेलही.

मागणी साधी आहे. हा गहू आम्हाला कडक जातीच्या गव्हात थोडा थोडा मिसळून संपवावा लागतोय, काही बिस्किटवाल्यांना पडत्या भावात दिला. त्या फरकाचा हिशोब जोडला आहे, तो द्या. आणि त्या रकान्यात रेघ का आहे, याचं उत्तर ज्याने प्रमाणपत्र काढलं त्याच्याकडून लेखी घेऊन पाठवा. ते आलं नाही, तर धान्य व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या, म्हणजे गाफ्टाच्या नियमांप्रमाणे लवादाची नोटीस जाईल. सीलबंद नमुने आमच्याकडे सांभाळून ठेवलेत. या बंदरावर मिलवाले एकमेकांना ओळखतात आणि त्याच बोटीत इतरांचाही माल होता, हे लक्षात असू द्या.

मला फोन करू नका. ईमेल करा.

खरेदी व गुणवत्ता प्रमुख

ता. क. डेमरेजच्या (बोट बंदरात जास्त थांबल्याच्या आकाराच्या) बिलाचं स्मरणपत्र मिळालं. ते मात्र अगदी वेळेवर आलं, त्यात एकही रकाना रिकामा नाही. वरच्या हिशोबाचा निकाल लागेपर्यंत ते भरलं जाणार नाही.