बॉम्बनाशक यंत्रांची परीक्षा मे महिन्यात, वाळूतच घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी नातवाला घेऊन लष्करी सामग्रीचं प्रदर्शन पाहायला गेलो. बॉम्ब निकामी करणाऱ्या यंत्रमानवाभोवती पोरांची झुंबड होती. तो पायऱ्या चढला, पंजानं पिशवी उचलून बाजूला ठेवली, टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पुण्याजवळ दिघीच्या प्रयोगशाळेत तयार झालेला ‘दक्ष’ हा असाच यंत्रमानव २०११ साली लष्कराकडे आला तेव्हाही असाच ऊर भरून आला होता. जवानाच्या आधी यंत्र पुढे जातं, याचं मोल ज्यानं ते काम जवळून पाहिलंय त्यालाच कळतं. पण निफाडात पारा घसरलेला असताना, मांडवाच्या सावलीत, सिमेंटवर चाललेलं यंत्र राजस्थानच्या वाळवंटात, बाडमेरच्या उन्हाळ्यात तसंच चालेल, असं कोणी धरून चालू नये.

मी ईएमईत, म्हणजे लष्कराची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, २४ वर्षं काढली. संसदेवरच्या हल्ल्यानंतर पाकिस्तान सीमेवर झालेली सैन्याची जमवाजमव, म्हणजे ऑपरेशन पराक्रम, ऑक्टोबर २००२ मध्ये थांबलं, पण सीमेवर पेरलेले सुरुंग उचलायचं काम त्यानंतरही चालू राहिलं. तेव्हा आमच्या फील्ड वर्कशॉपकडे सॅपर लोकांचे, म्हणजे सुरुंग पेरणाऱ्या-उचलणाऱ्या जवानांचे, माइन डिटेक्टर (जमिनीतला धातू हेडफोनमध्ये आवाज देऊन दाखवणारी यंत्रं) दुरुस्तीला यायचे. नकाशावर सुरुंगांची रांग सरळ असायची, जागेवर मात्र वाळूची टेकडीच सरकलेली. एका आँधीत कुठे सुरुंगावर हातभर वाळू चढायची, तर कुठे तो उघडा पडायचा. आंतरराष्ट्रीय करारानुसार १ जानेवारी १९९७ नंतर बनलेल्या, माणसांसाठी पेरायच्या सुरुंगात निदान ८ ग्रॅम लोखंडाइतका सिग्नल मिळायला हवा. वर एवढी वाळू असली की तेवढ्या धातूचा आवाज कानापर्यंत पोहोचतच नाही. मग हलक्या हातानं एक थर काढा, डिटेक्टर फिरवा, पुन्हा थर काढा. त्यात ऊन चढलं की सकाळी सहाला शून्यावर जमवलेला डिटेक्टर नऊ वाजता भरकटलेला असायचा.

सगळ्यात जास्त त्रास दिला तो एका लहानशा गोष्टीनं. हेडफोनची पिन बसते त्या भोकात मैद्यासारखी धूळ शिरायची. घामाशी मिळून तिथं हिरवट कीट धरायचं आणि दांडा हलला की कानात ‘खर्र’ व्हायचं. सिन्नरकडचा एक सॅपर, विशी-बाविशीचा पोरगा, त्या खरखरीपायी एका सकाळी तीनदा वाळूत आडवा झाला, प्रॉडर, म्हणजे सुरुंग चाचपायची लांब सळई, तिरका धरून बोट-बोट अंतरावर टोचत राहिला. तिन्ही वेळा खाली काही नाही. चौथ्यांदा खरखर झाली तेव्हाही तो आडवा झाला. त्या वेळी खाली सुरुंग होता. तीनदा फसलेल्या माणसानं चौथ्यांदा कंटाळा केला असता तर, हा विचार आजही माझ्या डोक्यातून जात नाही.

मी सायकलच्या जुन्या ट्यूबचा बोटभर तुकडा कापून पिनेवर मोज्यासारखा चढवला. खरखर थांबली. पुरवठादाराकडे रीतसर अहवाल गेला. काही महिन्यांनी उत्तर आलं, ‘तपासणीत दोष आढळला नाही.’ कसा आढळेल? तपासणी बंद खोलीत, कोऱ्या यंत्रावर झाली होती.

यंत्रमानवाचंही वेगळं नाही. सांध्याला ग्रीस भरलं आणि त्यात वाळू बसली की गॅरेजवाले व्हॉल्व्ह घासायला वापरतात तशी ग्राइंडिंग पेस्ट तयार होते. म्हणून वाळवंटात ग्रीस पुसून शक्य तिथं ग्रॅफाइटची पूड वापरायची. उष्णतेनं बॅटरी लवकर म्हातारी होते, हे घरात इन्व्हर्टर असलेल्या कोणालाही ठाऊक आहे. कॅमेऱ्याच्या काचेला वाळू ओरखडे पाडते, आणि चालवणाऱ्याला भर उन्हात पडद्यावर स्वतःचंच तोंड दिसतं.

मग शेवटी माणसालाच जावं लागतं, स्फोटापासून वाचवणारा ३५ किलोंच्या वर वजनाचा सूट घालून. राजस्थानात फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदलं गेलं. त्या सुटात घाम वाळत नाही, म्हणजे अंग थंड व्हायचा मार्गच बंद. शिवाय कोरड्या हवेत, वाळूच्या वाऱ्यात अंगावर स्थिर वीज साठते. विजेच्या डिटोनेटरला, म्हणजे स्फोट सुरू करणाऱ्या नळीला, हात लावण्याआधी ती जमिनीत उतरवायची आणि त्याच्या दोन तारा एकमेकींना पिळूनच ठेवायच्या, हा धडा आम्हाला तोंडपाठ करून घेतला होता.

चाचण्यांचे नियम नाहीत असं नाही. लष्करी इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी जेएसएस ५५५५५ नावाची चाचण्यांची नियमावली आहे, त्यात उष्णताही आहे आणि धूळही. पण चाचणीच्या पेटीत आज उष्णता दिली, उद्या धूळ उडवली, यानं भागत नाही. वाळवंटात ऊन, धूळ, घाम आणि घाईत काम करणारा हात, सगळं एकाच वेळी अंगावर येतं, आणि ते महिनाभर सुटत नाही.

आपल्या नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीतले लहान कारखानदार संरक्षणाची कामं मिळावीत म्हणून धडपडतात, त्याचा मला अभिमान आहे. त्यांना एकच विनंती आहे. पिन, सील, बटण, केबल असलं काहीही बनवाल, ते घेऊन मे महिन्यात महिनाभर वाळूत जा. तुमचा इंजिनिअर दुपारी एक वाजता हातमोजे घालून ते उघडून-लावून दाखवू दे, आणि वापरणारा जवान काय म्हणतो ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. जवान तक्रार करतो तेव्हा तो रडत नसतो, तो माहिती देत असतो.

त्या दिवसांतली माझी बिघाडांची वही अजून घरी आहे. कोणता भाग, किती दिवसांनी, कशानं गेला, सगळं तारखेनिशी लिहिलेलं. कोणा कारखानदाराला ती पाहायची असेल तर आपल्यामार्फत कळवावं. मी स्वतः वही घेऊन येईन.

आपला,
एक निवृत्त नायब सुभेदार (ईएमई),
जेल रोड, नाशिकरोड