नेमणूकपत्र दिल्यानंतरची मदत

मा. संपादक,

बौद्धिक दिव्यांग तरुणांना नोकऱ्या मिळाल्याच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. नेमणूकपत्र देतानाचा फोटोही असतो. त्यांतल्या किती नोकऱ्या वर्षभर टिकल्या, हे मात्र कुणी विचारत नाही. मदतीची खरी गरज नेमणुकीच्या दिवशी सुरू होते आणि बहुतेक ठिकाणी नेमकी त्याच दिवशी मदत संपते.

वर्षानुवर्षे वर्गात 'नोकरीची तयारी' आणि मग कधीतरी नोकरी, हा क्रमच बदलायला हवा. एका जागी शिकलेले दुसऱ्या जागी वापरणे हेच या मुलांना सर्वांत जड जाते. कार्यशाळेतल्या यंत्रावर तरबेज झालेला मुलगा बटणांची जागा बदललेल्या यंत्रापुढे अडून बसतो. म्हणून काम जिथे करायचे, तिथेच ते शिकवावे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मार्क गोल्ड या विशेष शिक्षणतज्ज्ञांनी, ज्या बौद्धिक दिव्यांगांना अवघड काम जमणारच नाही असे धरून चालले होते त्यांना १५ सुट्या भागांचा सायकलचा ब्रेक जोडायला शिकवले. कामाच्या लहान पायऱ्या पाडायच्या, तोंडाने कमी सांगायचे, हाताने जास्त दाखवायचे, ही त्यांची रीत आजही तितकीच उपयोगी आहे.

नोकरी शोधताना मुलाखत टाळावी, कारण तिच्यात बोलण्याची परीक्षा होते, कामाची नाही. त्याऐवजी प्रत्यक्ष कामाची दोन-तीन दिवसांची चाचणी मागावी, तीही मोबदला देऊन. मालकाकडे 'एखादी जागा आहे का' असे विचारू नये. इतर कर्मचाऱ्यांची कोणती कामे रोज मागे पडतात, ते विचारावे: फायली स्कॅन करणे, लेबले लावणे, कपाटे भरणे. अशी तीन-चार कामे एकत्र केली की एक खरी जागा तयार होते. दयेपोटी निर्माण केलेले काम पहिल्याच काटकसरीत जाते.

शिकवण्याचे उदाहरण स्कॅनिंगचेच घेऊ. 'हे कागद स्कॅन कर' ही एक सूचना नाही. पिना काढा, कोपरे सरळ करा, कागद मोजा, छापील बाजू ठरलेल्या दिशेला ठेवा, बटण दाबा, पडद्यावरचा आकडा मोजलेल्या आकड्याशी जुळवा, कागद पुन्हा टाचा, फाइल 'झाले'च्या खोक्यात ठेवा. जॉब कोचने, म्हणजे कामाच्या जागीच शिकवणाऱ्या प्रशिक्षकाने, आधी हे काम स्वतः करून पायऱ्या लिहून काढाव्यात. कागद अडकला की बहुधा आत एखादी पिन राहिलेली असते. त्यासाठी काढलेल्या पिनांची वाटी शेजारीच ठेवावी. कागदाची दिशा चुकत असेल तर ट्रेवर रंगीत पट्टी चिकटवावी, तीच सूचना शंभरदा देऊ नये. मदत करण्याआधी पाचेक सेकंद थांबावे. मग बोटाने दाखवावे, तरीही अडले तर एक-दोन शब्द बोलावेत. प्रत्येक पायरीला 'शाब्बास' म्हणू नये, नाहीतर कामगार पुढची पायरी करण्याआधी कोचच्या तोंडाकडे पाहत थांबतो. 'समजलं का?' या प्रश्नाला उत्तर नेहमी 'हो' असेच येते, म्हणून 'करून दाखव' म्हणावे. कोणती पायरी आपणहून झाली आणि कोणती खुणेने, याची रोज नोंद ठेवावी. सलग तीन दिवस सगळ्या पायऱ्या आपणहून झाल्या की कोचने शेजारून उठावे, मग खोलीबाहेर जावे, मग तासभर इमारतीबाहेर.

इथेच एक मोठी चूक होते. सुपरवायझर कामगाराशी न बोलता कोचला निरोप देऊ लागतो, आणि कोच गेला की दोघांमध्ये बोलणेच उरत नाही. पहिल्या दिवसापासून सूचना सुपरवायझरनेच द्यावी, आणि अडचणीत विचारायला जवळचा एक सहकारी ठरवून द्यावा.

नोकरी सुटते ती अनेकदा कामाच्या वेगामुळे नाही, तर अशा कारणांमुळे. काम संपल्यावर पुढे काय करायचे ते सांगितलेले नसते. मग बसून राहिलेला कामगार आळशी ठरतो. यासाठी 'काम संपले तर' अशी चित्रांची यादी भिंतीवर हवी. जेवणाची सुट्टी संपल्याचे कळत नाही. मोबाइलचा गजर पुरतो. बसचा मार्ग बदलतो. कुणी चिडवते आणि ते घरी सांगता येत नाही. घरचे लोक दिवसातून दहादा फोन करतात किंवा प्रत्येक समारंभाला रजा घ्यायला लावतात. सर्वांत धोक्याचा काळ सुपरवायझर बदलल्यावर येतो: पट्टी का लावली आहे, यादी कशासाठी आहे, हे नव्या माणसाला ठाऊकच नसते. म्हणून भेटी पहिल्या तीन महिन्यांत दर आठवड्याला, नंतर दर महिन्याला असाव्यात. सुपरवायझर, यंत्र किंवा जागा बदलली तर त्याच आठवड्यात कोच पुन्हा तिथे हवा. संस्थांना निधी मिळतो तो बहुतेकदा नेमणुकांच्या संख्येवर. या भेटींसाठी तो वेगळा मिळाला पाहिजे.

पगाराबाबत आम्ही ठाम आहोत. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क कराराचे कलम २७ समान मूल्याच्या कामाला समान मोबदला सांगते. 'प्रशिक्षण' म्हणून महिनोन्‌महिने फुकट राबवणे ही पिळवणूक आहे. चाचणीची मुदत लेखी असावी, पगार कामगाराच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हावा आणि पैसे काढतानाही कामगार हजर असावा. अपंगत्वाचे निवृत्तिवेतन बंद होईल या भीतीने काही कुटुंबे नोकरी नाकारतात. तो हिशेब रुजू होण्याआधीच कागदावर मांडून दाखवावा.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. नेमणुकीची बातमी जरूर द्या, पण वर्षभराने त्याच संस्थेला विचारा: यांतले आज किती जण कामावर आहेत, आठवड्याला किती तास, आणि शेजारी तेच काम करणाऱ्याइतकाच पगार त्यांना मिळतो का? ही उत्तरेही छापा.

— बौद्धिक दिव्यांगांच्या रोजगारासाठी काम करणारे जॉब कोच