शिष्यवृत्तीच्या पेपरातले सुटे शब्द वाक्यात घाला

मा. संपादक,

स. न. वि. वि.

शिष्यवृत्ती परीक्षा झाली की दरवर्षी गणित अवघड होते का, बुद्धिमत्ता चाचणी लांबली का, यावर पालकांची चर्चा रंगते. पहिल्या पेपरातल्या प्रथम भाषेच्या २५ प्रश्नांकडे, म्हणजे चांगल्या ५० गुणांकडे, फारसे कोणी बघत नाही. मराठी काय, येतेच, असा समज. निवृत्तीनंतरही सकाळचे जादा तास घेत असल्याने त्या २५ प्रश्नांबद्दल थोडे लिहितो.

उतारा, कविता, संवाद, सूचनाफलक वाचून उत्तरे द्यायचा भाग या पेपरात असतो आणि तो चांगला आहे. तक्रार आहे ती शब्दसंपत्तीच्या प्रश्नांबद्दल. समानार्थी ओळखा, विरुद्धार्थी ओळखा, असा सुटा शब्द पुढे टाकला की मुले मार्गदर्शकातल्या याद्या पाठ करतात. पाणी म्हणजे जल, नीर, उदक, तोय, जीवन. ही यादी घडाघडा म्हणणारी मुलगी निबंधात ‘आज नळाला उदक आले नाही’ असे लिहिते, तेव्हा तिला काय बोलणार? यादीत पाचही शब्द एकाच तोलाचे. धरणात जलसाठा असतो, उदक पूजेत सोडतात आणि तोय तर हल्ली यादीबाहेर भेटतच नाही, हे तिला कळावे अशी वाक्येच तिच्यापुढे आलेली नसतात.

वर्गात मी एक प्रश्न नेहमी देतो. ‘जूनच्या सुरुवातीला दोन सरी झाल्या. नंतर पावसाने ओढ दिली आणि पेरण्या खोळंबल्या.’ इथे ‘ओढ’ म्हणजे काय? पर्याय : आकर्षण, जोर, खंड, खेचाखेची. यादीवाली मुले बेधडक ‘आकर्षण’ म्हणतात, कारण पाठ केलेले तेच. शेतकऱ्यांच्या घरची पोरे ‘खंड’ सांगतात. घरात ते बोलणे रोज कानावर पडलेले. मग हा शहरातल्या मुलांवर अन्याय नाही का, असे एका पालकांनी मला विचारले होते. रास्त शंका आहे. पण ‘खोळंबल्या’ हे क्रियापद तिथे मुद्दाम ठेवले आहे. ते नीट वाचले तर ज्याने कधी तिफण पाहिली नाही त्यालाही ‘जोर’ खोडता येतो, आणि थोड्या विचाराने ‘खंड’वर येता येते. उत्तराचा माग वाक्यातच लागायला हवा, एवढे पथ्य प्रश्न काढणाऱ्याने पाळायचे.

अर्थात असे प्रश्न काढणे सोपे नाही, हेही कबूल. ‘त्याने आपली चूक ...... केली’ या वाक्याला मान्य, कबूल, मंजूर, पसंत असे पर्याय दिले तर पहिले दोन्ही बसतात आणि अंतरिम उत्तरसूचीवर आक्षेपांची रांग लागते. तेच पर्याय ठेवून ‘वधूपित्याने स्थळ ...... केले’ असे वाक्य दिले की ‘पसंत’शिवाय गत्यंतर नाही. शब्दकोशात हे चौघे शेजारी-शेजारी नांदतात; निवाडा स्थळ की चूक यावर ठरतो. गंमत म्हणजे याच परीक्षेच्या वरच्या इयत्तेच्या पेपरात २० टक्के प्रश्नांना चारपैकी दोन पर्याय अचूक असतात. त्या सोयीचा खरा उपयोग अशा ठिकाणी आहे. चूक ‘मान्य’ही होते आणि ‘कबूल’ही, हे दोन्ही गोल रंगवणाऱ्या मुलाला भाषा समजली असे खुशाल म्हणावे.

अमेरिकेतली एसएटी ही प्रवेशपरीक्षा एकेकाळी अवघड शब्दांच्या घोकंपट्टीसाठी बदनाम होती. तिथे २००५ मध्ये शब्दांच्या जोड्यांचे प्रश्न काढून टाकले, २०१६ मध्ये सुट्या वाक्यातली गाळलेली जागाही गेली. आता संगणकावरच्या परीक्षेत छोटा परिच्छेद देतात आणि त्यात नेमका बसणारा शब्द निवडायला सांगतात, किंवा दिलेल्या शब्दाचा तिथला अर्थ विचारतात. परदेशात आहे म्हणून आपणही करावे, असे नाही. मात्र आपल्याकडे ‘इतके वाचायला मुलांना वेळ कुठला’ हे उत्तर ठरलेले असते, म्हणून हिशेब मांडतो. एसएटीच्या भाषा विभागात ५४ प्रश्नांना ६४ मिनिटे, म्हणजे प्रश्नाला साधारण ७१ सेकंद. आपल्याकडे एका पेपरात ७५ प्रश्नांना ९० मिनिटे, म्हणजे ७२ सेकंद. ती मुले सोळा-सतरा वर्षांची आणि आपली त्यांच्याहून कितीतरी लहान, हा फरक आहेच. शिवाय गणिताचे ५० प्रश्न वेळ खातात. तेव्हा मोठा परिच्छेद नको, दोन वाक्ये पुरेत. पावसाच्या वरच्या प्रश्नाला त्याहून जास्त काही लागले नाही.

म्हणी आणि समूहदर्शक शब्द आहेत तसे राहू देत, ते पाठांतरानेच येतात. राज्य परीक्षा परिषदेने निदान समानार्थी-विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न तरी पुढच्या वेळेपासून वाक्यात गुंफून विचारावेत. त्यांचे नमुने शाळांना जूनमध्येच द्यावेत. जानेवारीत दिले तर ते मार्गदर्शक छापणाऱ्यांच्याच कामी येतील.

— एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, जि. सातारा