‘ॲनल्स’ किलोच्या भावाने

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या ‘ॲनल्स’ या संशोधन-नियतकालिकाने शंभरी ओलांडल्याचे कौतुक वाचले. बरे वाटले, एरवी वर्तमानपत्रांना ही संस्था आठवते ती २००४च्या तोडफोडीपुरती. पण जुने अंक ‘एका क्लिकवर’ आल्याने अभ्यासकांची केवढी सोय झाली, हे वाचले आणि चहा कडू लागला.

ज्या महाविद्यालयात मी एकतीस वर्षे संस्कृत शिकवले (नाव घेत नाही, पेन्शनचे एक प्रकरण अजून त्यांच्या टेबलावर आहे), तिथल्या ग्रंथालयाने मे महिन्यात ‘ॲनल्स’चे बांधीव खंड रद्दीत काढले. कॉम्प्युटर ठेवायला जागा हवी होती म्हणे. मला कळेपर्यंत निम्मे खंड लगदा व्हायला गेलेही होते. रद्दीवाला भला माणूस. चौदा रुपये किलोने दोन खंड परत दिले, वर म्हणाला, “काका, पुठ्ठा एकदम मजबूत आहे.” त्यातला एक अठरावा, १९३६-३७चा. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक वि. स. सुखटणकर यांचा भृगू आणि भारत यांच्यावरचा लेख यातलाच. भार्गवांच्या, म्हणजे भृगुकुळातल्यांच्या, हातून ‘भारता’चे ‘महाभारत’ कसे होत गेले, हे त्यांनी श्लोकाश्लोकातून दाखवले आहे. तो न वाचता महाभारतावर व्याख्याने देऊ नयेत. (हल्ली न वाचलेलेच देतात.) समासात आमच्या सरांचे पेन्सिलीतले शेरे आहेत, एका ठिकाणी नुसतेच ‘छे!’. ते कोणत्या क्लिकवर मिळणार?

ग्रंथपालबाईंकडे गेलो. “सर, सगळं जेस्टोरवर आहे.” जेस्टोर म्हणजे नियतकालिकांचे ऑनलाइन भांडार. महाविद्यालय त्याची वर्गणी भरते का? नाही. “आणि १९९४नंतर हा खंड कुणी नेलेलाच नाही.” घरी येऊन मागची तारखांची चिठ्ठी पाहिली. बाई खोटे बोलत नव्हत्या. शेवटचा शिक्का १९९४चाच, आणि नेणारा मी. पुढची कित्येक वर्षे तिथेच खिडकीजवळ बसून मी तो वाचत होतो, त्याचा शिक्का कोण मारणार?

पत्र लिहितोच आहे तर आणखी एक. आपल्या दुसऱ्या पानावरच्या सुभाषितात गेल्या मंगळवारी ‘परोपकाराय सतां विभूतयः’मधला अनुस्वार आणि विसर्ग दोन्ही गायब होते. त्याच दिवशी कार्यालयात फोन करून सांगितले. “नोंद घेतो,” असे उत्तर मिळाले. शनिवारी तेच सुभाषित पुन्हा छापून आले, तसेच.

आपला,
एक निवृत्त संस्कृत प्राध्यापक, सांगली