लायब्ररीच्या काकूंस अनावृत पत्र

ठाणे (पश्चिम)

आदरणीय काकूंस,
सादर नमस्कार.

घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीने क्लब हाऊसच्या एका कोपऱ्यात पुस्तकांचे कपाट ठेवले आहे, आणि निवृत्त माणसाच्या हाताला काहीतरी काम हवे या सर्वमान्य समजुतीने त्याची किल्ली माझ्याकडे देण्यात आली आहे. गेल्या महिन्यात एका तरुण मुलीने प्रेमकथेचे पुस्तक परत करताना, मी काहीही विचारलेले नसताना, "टाइमपास म्हणून नेलं होतं हो काका," असा खुलासा केला. तिचा तो ओशाळलेला चेहरा पाहिला आणि 1986 साली नौपाड्यातल्या तुमच्या लायब्ररीच्या पायरीवर उभा असलेला मी मला आठवलो. त्या दिवशी तुम्ही मला जे दिले, त्याबद्दल आभार मानायचे इतकी वर्षे राहून गेले आहे.

आईचे गुडघे धरल्यामुळे तिची पुस्तके बदलून आणण्याचे काम माझ्याकडे आले होते. मी तेव्हा फोर्टातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो, आणि बायकांच्या कादंबऱ्या हातात घेऊन गोखले रोडवरून चालताना ओळखीचे कोणी भेटू नये, एवढीच माझी इच्छा असे. त्या दिवशी मी तुमच्यासमोर पुस्तके ठेवून, ही आईची आहेत, मी असले काही वाचत नाही, असे घाईघाईने सांगितले. तुम्ही तारखेचा शिक्का मारता मारता मान वर न करता म्हणालात, "मग गेल्या वेळी पान 112 वर लोकलचं तिकीट राहिलं होतं, ते आईंचं का?" मी निरुत्तर झालो. तुम्ही हसला नाहीत. उलट एक पुस्तक माझ्यापुढे सरकवून म्हणालात, "शेवट काय होतो ते बघू नका. दोघांचं अडलंय कुठे, ते बघा."

प्रेमकादंबरीबद्दल माझी म्हणून जी काही मते आहेत, ती सगळी या एका वाक्यातून निघालेली आहेत. आमच्या धंद्यात घराचा नकाशा हाती आला की पहिल्यांदा कोणती भिंत भार पेलते आणि कोणते नुसते पार्टिशन आहे, हे पाहावे लागते. तीच सवय मी कादंबरीला लावली. ज्या कथेतल्या दोघांमधली भिंत घराचा भार पेलत असते, ती पाडायची तर सगळे घर हलते, आणि तीच कादंबरी लक्षात राहते. बाकीच्या पुष्कळ कादंबऱ्यांत प्लायवुडचे पार्टिशन असते. नायकाने नायिकेला कोणाशी तरी हसताना पाहिलेले असते, चिठ्ठी चुकीच्या हाती पडलेली असते, आणि दोघांनी पाच मिनिटे समोरासमोर बसून बोलायचे ठरवले तर दोनशे पानांची बचत होईल, असे राहून राहून वाटते. (हल्ली मोबाइलमुळे चिठ्ठी हरवण्याची सोय उरलेली नाही, त्यामुळे नव्या कादंबऱ्यांतल्या नायकांच्या फोनचे चार्जिंग नेमके नको तेव्हा संपते.)

तुम्ही मला दिलेले ते पहिले पुस्तक म्हणजे विश्राम बेडेकरांचे 1939 सालचे 'रणांगण'. ठाण्याहून व्ही. टी.ला जाताना, वर्तमानपत्राचे कव्हर घालून, मी ते दोन दिवसांत संपवले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू केले. युरोपातून निघालेले जहाज, त्यावरचे देशोधडीला लागलेले ज्यू प्रवासी, त्यांच्यातली हॅर्टा आणि मुंबईला उतरणारा चक्रधर. हॅर्टाला जगात उतरायला जागा नाही, इथपर्यंत मलाही सहज कळले होते. पण पुस्तक परत करताना तुम्ही विचारलेत, "अडथळा सगळा तिच्या कागदपत्रांतच आहे का?" तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले की अर्धी भिंत चक्रधरच्या मनात आहे, आणि बंदरावरच्या कोणत्याही अधिकाऱ्याला ती पाडता आली नसती. मी या कादंबरीला मराठीतली सर्वांत चांगली प्रेमकथा मानतो आणि या बाबतीत कोणाशीही वाद घालायला तयार आहे.

त्याच पुस्तकात मला आणखी एक गोष्ट सापडली होती, जी मी तुम्हाला कधी सांगितली नाही. आपण हे पुस्तक पूर्वी वाचले आहे हे कळावे म्हणून तुमच्या सभासद बायका ठरावीक पानावर आपापली खूण करीत. कोणी फुली मारी, कोणी आकड्याभोवती गोल काढी. आईची खूण म्हणजे 27 या आकड्याखाली पेन्सिलीने काढलेली छोटीशी चंद्रकोर. 'रणांगण'च्या त्या प्रतीत 27व्या पानावर शेजारी शेजारी दोन चंद्रकोरी होत्या. गुडघे धरण्यापूर्वी, स्वतः तुमच्याकडे येत असताना, तिने ते पुस्तक दोनदा नेलेले होते, आणि घरात त्याबद्दल एक अक्षरही काढलेले नव्हते.

त्यानंतर तुम्ही 'हिंदोळ्यावर' दिलेत, आणि देताना सांगितलेत की 1934 साली हे लिहिणाऱ्या विभावरी शिरूरकर म्हणजेच पुढे 'रणांगण'कारांच्या पत्नी झालेल्या मालतीबाई बेडेकर. त्या एका घरात किती प्रकारच्या भिंतींचा विचार झाला असेल, असे मला अजूनही वाटते. नवऱ्याने टाकलेली अचला दुसऱ्या पुरुषावर प्रेम करते, पण तिला लग्न करता येत नाही, कारण पहिले लग्न मोडण्याची तेव्हा सोयच नव्हती. मुंबई प्रांतात हिंदूंना घटस्फोटाचा कायदा 1947 साली मिळाला आणि देशभरासाठी हिंदू विवाह कायदा 1955 साली झाला. त्या काळी या पुस्तकावर एवढा गदारोळ का झाला हे मला ही वर्षे शेजारी शेजारी मांडल्यावर समजले. तिथे भिंत कायद्याची होती, आणि कायदा हलण्याच्या कितीतरी आधी एका बाईने तिच्यावर डोके आपटून आवाज केला होता.

नव्यांपैकी 'कोबाल्ट ब्लू' वाचताना मला नेमकी याचीच आठवण झाली. सचिन कुंडलकरांची ही कादंबरी 2006 साली आली. घरात पेइंग गेस्ट म्हणून आलेल्या एकाच तरुणावर भाऊ आणि बहीण दोघांचेही प्रेम जडते, आणि आधी भावाची बाजू, मग बहिणीची, अशा दोन भागांत ती सांगितलेली आहे. भावाला, म्हणजे तनयला, आपले दुःख घरात कोणाला सांगताही येत नाही, हा कादंबरीचा सर्वांत जड भाग. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारी कलम 377 मधली तरतूद सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी रद्द केली, म्हणजे कादंबरी पुन्हा बारा वर्षे आधी पोहोचलेली होती. प्रेमकथांना वास्तवाशी देणेघेणे नसते असे म्हणणाऱ्यांना मी ही दोन पुस्तके एकापाठोपाठ एक वाचायला देतो.

इंग्रजीचे श्रेयही तुमचेच. मी इंग्रजी वाचत असे ते निविदांपुरते. तुम्ही जेन ऑस्टिनची 'पर्स्वेशन' हाती ठेवून, रोज तीन पाने वाचा आणि अडेल तिथे पेन्सिलने खूण करा, असे सांगितलेत, आणि दर शनिवारी संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर त्या खुणांचा अर्थ सांगत बसलात. त्यासाठी तुम्ही एक पैसाही जादा घेतला नाहीत. माझी बढती पुढे इंग्रजी पत्रव्यवहार जमू लागल्यामुळेच झाली, हे तुम्हाला ठाऊक नसेल.

'प्राइड अँड प्रेज्युडिस' सगळे वाचतात आणि ती आहेच तशी. पण माझ्या मते 'पर्स्वेशन' तिच्याहून एक पायरी वर आहे. अ‍ॅन एलियट एकोणीस वर्षांची असताना, घरच्यांसारख्या असलेल्या एका हितचिंतक बाईंच्या सल्ल्यावरून ठरलेले लग्न मोडते. आठ वर्षांनी तो माणूस परत येतो तेव्हा त्यांच्यामध्ये ना गरिबी उरलेली असते ना वडीलधारे. उरलेली असते ती फक्त आठ वर्षे. इंग्लंडमधल्या बाथ या शहरातल्या एका खोलीत तो टेबलाशी बसून काही लिहीत असतो, आणि थोड्याच अंतरावर अ‍ॅन दुसऱ्याच एका गृहस्थाशी, प्रेम अधिक काळ कोण टिकवते, पुरुष की बाई, यावर बोलत असते. मध्येच त्याच्या हातातली लेखणी खाली पडते. तेवढ्या आवाजावरून, आपण वाटले त्यापेक्षा जवळ बसलेलो आहोत आणि आपले बोलणे ऐकू जात आहे, हे तिला जाणवते. तो तिथेच तिला पत्र लिहितो. ऑस्टिनने हा शेवट आधी निराळा लिहिला होता. 1816 च्या उन्हाळ्यात कादंबरी पूर्ण झाल्यावर तिला तो पसंत पडला नाही, म्हणून तिने तो पुन्हा लिहिला, आणि बाद केलेल्या प्रकरणांची तिच्या हातची पाने आजही जपून ठेवलेली आहेत. पुढल्या वर्षी ती वारली आणि पुस्तक तिच्या मागे छापले गेले. आजारी बाईने तयार शेवट बाजूला ठेवून नवा लिहायला घेणे, याला मी कारागिरी म्हणतो. मीही रात्री जागून ड्रॉइंग पुन्हा काढलेली आहेत, त्यामुळे ही गोष्ट मला विशेष लागते.

'जेन एअर'बद्दल मात्र माझे मत मध्यंतरी बदलले आहे. 1847 सालच्या त्या कादंबरीतली नायकाची जिवंत असलेली, कोंडून ठेवलेली पहिली बायको ही मला बरीच वर्षे केवळ अडचण वाटत होती. नंतर जीन ऱ्हिसचे 1966 सालचे 'वाइड सारगॅसो सी' वाचनात आले, ज्यात तीच कहाणी त्या कोंडलेल्या बाईच्या बाजूने येते. आपण जिला भिंत समजत होतो तिच्यापलीकडे कोणी राहत होते, हे कळल्यावर जुने पुस्तक पहिल्यासारखे वाचता येत नाही. ते वाईट ठरत नाही, पण मनात खडा राहतो. गौरी देशपांडे यांच्याविषयी तुमचे आणि माझे मत एकच आहे, म्हणून लिहीत नाही. इतर लोक जिथे कथा संपवतात, म्हणजे लग्नापाशी, तिथे त्या सुरू करतात, एवढेच म्हणतो.

मिल्स अँड बूनवाल्यांवर मी कधीच टीका करणार नाही. शेवट गोड होणार हे ते मुखपृष्ठावरच सांगतात आणि शब्द पाळतात. चंद्रकांत काकोडकरांची शृंगारिक पुस्तके तुम्ही काउंटरखाली ठेवत असा आणि वर्तमानपत्रात गुंडाळून देत असा, याची मात्र अजून गंमत वाटते. 'रंभा'च्या 1962 सालच्या दिवाळी अंकातली त्यांची 'श्यामा' अश्लीलतेच्या आरोपावरून थेट सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 1969 साली ते त्यातून निर्दोष सुटले, ही हकिकत तुम्हीच मला सांगितली होती. न्यायालयाने सोडले तरी नौपाडा सोडत नाही, असे त्यावर तुमचे भाष्य होते.

आपले जमले नाही ते कादंबरीकार ना. सी. फडक्यांबाबत. तुम्हाला ते प्राणप्रिय, आणि मला त्यांचे सुंदर, टेनिस खेळणारे नायक पाहिले की प्लायवुडचा वास येई. खांडेकर बरे, निदान त्यांच्या माणसांना ध्येयाने अडवलेले असते, असे मी म्हणे. त्यावर, "ध्येयानं अडलेली माणसं प्रेमात पडतातच कशाला?" असे तुम्ही विचारीत असा आणि मला उत्तर सुचत नसे. तुम्ही लायब्ररी बंद करून पुस्तके वाटलीत तेव्हा, मला खिजवण्यासाठीच बहुधा, फडक्यांची 1929 सालची 'दौलत' माझ्या पिशवीत टाकलीत. ती मी न उघडता माळ्यावर ठेवली होती. त्या मुलीच्या प्रसंगानंतर ती काढली, झटकली आणि वाचली. कथा कशी सुरू करावी आणि वाचकाला कसे धरून ठेवावे, याचे तंत्र त्यांनी 'प्रतिभासाधन'मध्ये शिकवले, ते त्यांना स्वतःला किती सफाईने येत होते हे या वयात दिसले. रात्री दीडपर्यंत मी दिवा मालवला नाही. पार्टिशन असले तरी सुताराचा हात पक्का आहे, एवढे मी आता मान्य करतो. याहून अधिक नाही.

त्या मुलीला मी तुमचेच वाक्य सांगितले आणि कपाटातले 'रणांगण' दिले. ते तिने अजून परत केलेले नाही. मीही मागितलेले नाही. तुम्ही हल्ली लेकीकडे कोपरीला असता असे कळले. येत्या रविवारी चारच्या सुमारास 'दौलत' घेऊन येतो. 27व्या पानावर मी माझी खूण केलेली आहे.

तुमचा कृतज्ञ,
एक जुना सभासद